बाबूचा बाप्तिस्मा

उपवासकाळ लागला की आमच्या घरातला स्वयंपाक बदलायचा. मटण बंद, मासे बंद, चहात साखर निम्मी. आई लाखोरीच्या डाळीचं घट्ट वरण करायची, सोबत भात आणि जवसाची चटणी, आणि शुक्रवारी तेवढंही एकाच वेळेला. ईस्टरआधीच्या त्या चाळीस दिवसांचा अर्थ मला फार उशिरा कळला. लहानपणी तो काळ म्हणजे माझ्यासाठी जवस भाजल्याचा वास आणि आईचा खाली उतरलेला आवाज. एरवी ती भांडी घासताना, केर काढताना मोठ्यानं गीतं म्हणायची. शेजारी काय म्हणतील याची तिला फिकीर नसायची. उपवासकाळात तीच गीतं ती नुसती गुणगुणायची. आता मी लाखनीत मुलाकडे राहते. घरासमोरून दिवसभर ट्रक जातात. सून नोकरी करते, ती फक्त शुक्रवार पाळते, आणि मला त्यात काही वावगं वाटत नाही. पण माझ्या हातून या दिवसांत अजूनही मटण शिजत नाही, साठी उलटली तरी नाही. नातीनं परवा विचारलं, "आजी, तू एवढं कडक काहून पाळते?" मी तिला काहीतरी सांगून वेळ मारून नेली. खरं कारण एका उपवासकाळात आमच्या घरी घडलं, आणि ते मी आजवर कोणालाच सलग सांगितलेलं नाही.

आम्ही तेव्हा जवाहरनगरच्या क्वार्टरात राहायचो. दोन खोल्या, पुढं ओटा, मागं न्हाणी आणि न्हाणीच्या पाण्यावर वाढलेलं पपईचं झाड. बाबा कारखान्यात होते. सकाळी भोंगा झाला की ओळीतल्या सगळ्या घरांतून माणसं एकदम बाहेर पडत, सायकलींच्या घंट्या वाजत, आणि मग दहा मिनिटांत सगळं असं शांत होई की कोणाच्या घरात कुकरची शिटी झाली ते ओळखू येई. देशाच्या चारी कोपऱ्यांतले लोक तिथं होते. आमच्या एका भिंतीपलीकडं मोहरीच्या तेलात मासे तळले जात, दुसऱ्या भिंतीपलीकडं लक्ष्मीआक्का चिंचेचं सार उकळत. लक्ष्मीआक्का आंध्राकडच्या. त्यांचं मराठी अर्धंच होतं. उरलेलं त्या हिंदीत आणि हातवाऱ्यांत भागवत. नाताळला आमच्या करंज्या त्यांच्याकडे जात, संक्रांतीला त्यांच्या तांदूळ-गुळाच्या अरिसेलूंचं ताट आमच्याकडे येई. सणासुदीला त्या ओळीत कोणाचा बाप विजयवाड्याहून येई, कोणाची मावशी कलकत्त्याहून, तीन-तीन दिवसांचा प्रवास करून, ट्रंका आणि लोणच्याच्या बरण्या घेऊन. बाबांचं गाव अड्याळ. बसनं फार तर दोन तास. आणि गावाकडून कधीच कोणी आलं नाही ते फक्त आमच्याकडे.

बाबांचे आईवडील लवकर गेले. त्यांना थोरल्या भावानं वाढवलं, शिकवलं. हे थोरले भाऊ म्हणजे माझे मोठेबाबा. तलावाच्या खाली त्यांच्या धानाच्या बांध्या होत्या आणि गावात त्यांच्या शब्दाला मान होता. नोकरी लागून जवाहरनगरला आल्यावर बाबा कामावरच्या एका मित्राबरोबर भंडाऱ्याच्या चर्चमध्ये जायला लागले. वर्षभर ते मागच्या बाकावर बसले, कोणी काही विचारलं नाही, त्यांनीही काही सांगितलं नाही, आणि मग एका ईस्टरला त्यांनी बाप्तिस्मा घेतला. नाव बदललं नाही, आडनाव बदललं नाही. पण मोठेबाबांना कुठून तरी कळलं होतं. त्या सकाळी ते आले आणि चर्चच्या फाटकाबाहेर उभे राहिले. उपासना संपून ओल्या केसांचा भाऊ बाहेर आला तेव्हा ते एवढंच म्हणाले, "बापाचं नाव पाण्यात टाकलं ना रे?" आणि बसस्टँडकडे चालू लागले. त्यांनी संबंध तोडला असं म्हणता येणार नाही. बाबा अड्याळला गेले की मोठीआई ताट वाढायची, दोघे भाऊ शेजारी बसून जेवायचे, पिकाचं, तलावातल्या पाण्याचं बोलायचे. पण बाबांनी "दादा, एकडाव आमच्याइकडे ये" म्हटलं, की मोठेबाबा उठून गोठ्याकडे जायचे. अठरा वर्षं हे असं चाललं. आमच्या घराचा उंबरा त्यांनी पाहिलेला नव्हता.

माझ्या सोळाव्या वर्षी माझं दृढीकरण झालं, म्हणजे लहानपणीच्या बाप्तिस्म्याची वचनं मी स्वतःच्या तोंडानं घेतली. त्याआधी वर्षभर पाळकसाहेब आम्हा चार मुलींना दर रविवारी उपासनेनंतर शिकवायचे. उंच, वाळकुडा माणूस. स्कूटरवर खेडोपाडी हिंडून त्यांच्या पांढऱ्या झग्याची कड कायम मातकट असायची. एकदा मी विचारलं होतं, एवढंसं पाणी डोक्यावर टाकल्यानं होतं तरी काय? मला वाटलं ते रागावतील. ते म्हणाले, आपल्याला वाटतं की हे पाणी धुण्याचं आहे. धुण्याचं आहेच, पण आधी ते बुडण्याचं आहे. बाप्तिस्म्यात माणूस ख्रिस्ताबरोबर मरतो, पुरला जातो आणि त्याच्याबरोबर उठतो, म्हणून तर आपण ईस्टरला बाप्तिस्मे करतो, आणि उपवासकाळ ही त्या मरणाची तयारी. मला नीटसं कळलं नाही. घरी येऊन बाबांना सांगितलं तर ते हसले. म्हणाले, "मले दादानं पोहणं कसं शिकवलं माहीत आहे? गावच्या तलावात नेलं अन् डोक्यावर हात ठेवून बुडवलं. मले वाटलं आता मेलो. मंग त्याच हातानं वर काढलं." थोडं थांबून ते म्हणाले, "बाप्तिस्म्याच्या दिवशी मले दादाचाच हात आठवला वो. अन् तो फाटकाबाहेर उभा होता." पाळकसाहेबांनी आणखी एक गोष्ट शिकवली होती. कोणी मरणाच्या दारात असेल आणि पाळक जवळ नसेल, तर कोणीही बाप्तिस्मा झालेला माणूस बाप्तिस्मा देऊ शकतो. स्वच्छ पाणी घ्यायचं, नाव घ्यायचं, पिता, पुत्र आणि पवित्र आत्म्याचं नाव घ्यायचं. ते आम्ही वहीत लिहून घेतलं होतं, परीक्षेला येईल तसं.

त्याच हिवाळ्यात बाबूचा जन्म झाला. माझ्यानंतर आईची दोन बाळंतपणं वाया गेली होती. त्यामुळे सोळा वर्षांनी हे लेकरू येणार म्हटल्यावर घरात कोणी मोठ्यानं आनंदही केला नव्हता. तो आठव्या महिन्यातच आला. दवाखान्यातून घरी आणला तेव्हा बाबांच्या ओंजळीत मावायचा. त्याचं रडणं मांजरीच्या पिलासारखं होतं. दुसऱ्या खोलीत स्टोव्ह सुरू असला तर ऐकूही यायचं नाही. डॉक्टरांनी सांगितलं होतं, ऊब द्या, दूध द्या, जपा. आम्ही जपलं. आई त्याला कापसात गुंडाळून पोटाशी धरून झोपायची. अंघोळीचं पाणी मी कोपरानं पाहायची, कारण हाताला कोमट वाटलं तरी लेकराला ते गार असतं असं आईनं शिकवलं होतं. अंघोळ घातली की तो दोन्ही मुठी आवळायचा, तोंड वाकडं करायचा, आणि आम्ही तिघं हसायचो. नाव ठेवलं नव्हतं. आमच्याकडे सगळ्याच बारक्या पोरांना बाबू म्हणतात, तसं आम्ही त्याला बाबू म्हणायचो.

नाव ठेवलं नव्हतं त्याला कारण होतं. आईला बाप्तिस्मा लगेच हवा होता. एका संध्याकाळी प्रार्थनेनंतर ती बाबांना म्हणाली, "पाळकसाहेबांना घरीच बोलावू. लेकरू नाजूक आहे."

"ईस्टरपर्यंत थांबू," बाबा म्हणाले. "दादाले बोलावतो. नाव त्यालेच ठेवू दे. मुलगा आहे म्हटल्यावर तो नाही म्हणणार नाही."

"अन् नाही आले तं?"

"येईल. आपल्या लेकराच्या बाप्तिस्म्याले दादा आत बसला पाहिजे. बाहेर नाही."

आई गप्प बसली. तिचं गप्प बसणं बाबांनी होकार मानलं. मी तिथंच बसले होते आणि मीही तसंच समजले. आज माझ्या डोळ्यांपुढं तिचा तो चेहरा येतो तेव्हा कळतं, की ती घाबरली होती, आणि नवऱ्याची अठरा वर्षांची आस मोडायला तिचं मन धजलं नाही.

उपवासकाळाचा पहिला दिवस, राखेचा बुधवार, झाला. कपाळावरची राख पुसून आई बाबूला पाजायला बसली, कारण लेकराच्या तोंडाला ती लागू नये. आठवड्यामागून आठवडे गेले. रस्त्याकडेचे पळस फुलून गळाले, दुपारी ऊन चावायला लागलं. बाबूचे गाल किंचित भरले होते. ईस्टर तीन आठवड्यांवर आला तसं बाबांनी एक दिवस सुट्टी टाकली आणि पहिल्या बसनं अड्याळला निघाले. निघताना बाबूच्या तळव्याला बोट लावून म्हणाले, "तुया मोठ्या बापाचा होकार घेऊनच येतो पाहा."

त्या दिवशी मी घरीच होते, परीक्षेच्या अभ्यासासाठी. दुपारची जेवणं झाली होती. बाहेर रस्त्यावर कुत्रंही नव्हतं. आतल्या खोलीतून आईनं हाक मारली. तिचा आवाज चढलेला नव्हता, म्हणून मी पुस्तक बाजूला ठेवून सावकाशच उठले. ती खाटेला टेकून जमिनीवर बसली होती, बाबू मांडीवर. "रूथ, हा दूध ओढून नाही राहिला," ती म्हणाली. मी वाकून पाहिलं. त्याचे ओठ निळसर झाले होते. छाती हलत होती, पण मध्येच थांबायची, आणि आपण आपला श्वास धरून पाहत राहायचो तोवर पुन्हा एकदा हलायची. मी धावत जाऊन लक्ष्मीआक्कांना हाक मारली. त्या आल्या, एकवार पाहिलं आणि पायात चप्पलही न घालता डॉक्टरांना आणायला पळाल्या.

मी परत आत आले तेव्हा आई माझ्याकडे पाहत होती. "पाणी आण," ती म्हणाली. मला वाटलं तिला प्यायला हवं आहे. "बाप्तिस्म्याचं," ती म्हणाली.

"मी? आई, पाळकसाहेब..."

"ते भंडाऱ्याले आहेत. तुले शिकवलं आहे ना? तू कर. माह्या तोंडातून शब्द निघणार नाही."

मी स्वयंपाकघरात गेले. माठात वाटी बुडवली. पाणी बोटांना झोंबेल इतकं गार होतं. एवढ्याशा टाळूवर हे गार पाणी कसं टाकायचं? मी दुसरा विचारच केला नाही. वाटीतलं पाणी छोट्या पातेल्यात ओतलं आणि स्टोव्ह पेटवायला बसले. पिन मारली, पंप मारला, काडी ओढली, ती विझली. दुसरी ओढली. स्टोव्ह भडकला, मग विझला, मग पेटला. आईनं आतून हाक मारली, "काय करून राहिली वो?"

"पाणी थंड आहे आई. कोमट करते."

मी कोपर बुडवून पाहिलं आणि पातेलं घेऊन आत गेले. बाबूजवळ गुडघे टेकून बसले. तेव्हा लक्षात आलं की नाव नाही. "आई, नाव काय घेऊ?" आईनं डोळे मिटले होते. तिचा हात त्याच्या छातीवर होता. मग माझ्या तोंडातून आलं, "बाबू." मी म्हटलं, "बाबू, मी तुला पित्याच्या, पुत्राच्या आणि पवित्र आत्म्याच्या नावाने बाप्तिस्मा देते." तीनदा पाणी टाकलं. ते त्याच्या विरळ केसांतून ओघळलं आणि आईच्या लुगड्यात जिरलं. त्यानं मुठी आवळल्या नाहीत. तोंड वाकडं केलं नाही.

थोड्याच वेळात डॉक्टर आले. त्यांनी बराच वेळ कानाला नळी लावून ऐकलं, मग नळी गळ्यात अडकवून उभे राहिले आणि लक्ष्मीआक्कांकडे पाहून मान हलवली.

स्टोव्ह पेटायला किती वेळ लागला असेल? दोन मिनिटं, तीन. मी पुढं संसार केला, तीन मुलं वाढवली, हजार वेळा स्टोव्ह आणि गॅस पेटवला, आणि कितीदा तरी काडी ओढताना तो वेळ मनात मोजला आहे. मी पाणी टाकलं तेव्हा तो जिवंत होता का, मला माहीत नाही. आईला माहीत होतं. हात तिचा होता. आई त्यानंतर तीस वर्षं जगली. शेवटचे आठ महिने ती माझ्याकडेच अंथरुणावर होती, मी तिला न्हाऊ घालायची, आणि कितीतरी दुपारी आम्ही दोघीच घरात असायचो. मी विचारलं नाही. तिनंही सांगितलं नाही.

बाबा पाचच्या सुमारास आले. नेमका सुट्टीचा भोंगा झाला होता आणि सायकलींचा लोंढा रस्त्यानं येत होता. त्या गर्दीतून ते पायी, जवळजवळ पळत येत होते. एका हातात तांदळाची थैली, दुसऱ्या हातात कापडाचं बोचकं. मी ओट्यावर उभी होते. त्यांनी मला लांबूनच पाहिलं आणि तिथूनच ओरडले, "येतो म्हणाला! रूथ, दादा येतो म्हणाला!" त्यांना आयुष्यात असं ओरडताना मी कधी ऐकलं नव्हतं. मग त्यांना आमच्या दारासमोरच्या चपला दिसल्या, बायका दिसल्या. ते चालायचे थांबले. सायकली त्यांच्या दोन्ही बाजूंनी जात राहिल्या. लक्ष्मीआक्का पायऱ्या उतरून त्यांच्याकडे गेल्या आणि त्यांच्या हातातली थैली काढून घेतली. त्यांना मराठीत ते कसं सांगायचं हे माहीत नव्हतं, त्या नुसतं "भैया, भैया" म्हणत राहिल्या.

बोचक्यात मोठीआईनं शिवलेलं दुपटं होतं, जुन्या मऊ धोतरांच्या घड्यांचं, कडेला लाल दोऱ्याचे टाके. आईनं ते हातात घेतलं, उलटंसुलटं करून पाहिलं आणि बाबूला त्यात गुंडाळलं.

कारखान्यातल्या एका मित्रानं मोटारसायकलवर जाऊन अड्याळला निरोप दिला. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही भंडाऱ्याच्या दफनभूमीत पोहोचलो तेव्हा मोठेबाबा आमच्या आधी येऊन थांबलेले होते. पांढरं धोतर, खांद्यावर दुपट्टा, पाय धुळीनं भरलेले. ते फाटकाशी होते. बाबा पेटी घेऊन फाटकातून आत गेले तसे तेही मागोमाग आत आले. पाळकसाहेबांनी शास्त्रपाठ वाचला, प्रार्थना केली, आम्ही माती टाकली. मोठेबाबांनी दोन्ही हातांनी टाकली. पेटी इतकी लहान होती की खड्डा लवकर भरला. मग कोणालाच काय करावं ते कळेना.

मी एका झाडाखाली जाऊन उभी राहिले. मोठेबाबा माझ्याजवळ आले. मी त्यांना याआधी चार-पाचदा पाहिलं असेल, लग्नांतून. ते हळू आवाजात म्हणाले, "रुती, त्याले शेवटलं पाणी भेटलं ना?"

ते कोणतं पाणी विचारत होते ते मला कळलं. त्यांच्यात शेवटच्या घटकेला माणसाच्या तोंडात पाणी घालतात. मी म्हटलं, "हो जी, मोठेबाबा."

"कोणं देल्लं?"

"मी."

त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. "मंग झालं," म्हणाले. "त्याच्याहून मोठं काई नसते पोरी." मी खोटं बोलले की खरं, ते मला तेव्हाही सांगता आलं नसतं. लाकडी क्रूसावर नाव घालायची वेळ आली तेव्हा बाबांनी त्यांना विचारलं, "दादा, तूनं नाव कोणतं धरलं होतं?" मोठेबाबांनी मान हलवली. "पोरीनं देल्लं तेच राहू दे." त्यांनी मनात कोणतं नाव धरलं होतं ते त्यांनी शेवटपर्यंत कोणाला सांगितलं नाही.

पुढच्या आठवड्यात पाळकसाहेब घरी आले, बाप्तिस्म्याच्या नोंदवहीसह. आई झोपली होती, बाबा कामावर होते. त्यांनी वही उघडली आणि मला विचारलं, "काय म्हणालीस ते सांग." मी सांगितलं. मग स्टोव्हचंही सांगितलं. सगळं. काडी विझल्याचं, कोपर बुडवल्याचं, मुठींचं. म्हटलं, "मी गार पाणी टाकलं असतं तर वेळेत झालं असतं. आता ते धरलं जाईल का, साहेब?"

त्यांनी वही गुडघ्यावर ठेवली. मला वाटलं ते एखादं वचन सांगतील. ते म्हणाले, "मी आजवर पुष्कळ लेकरांच्या डोक्यावर गार पाणी टाकलं आहे, रूथ. सगळी रडतात. मला कधी सुचलं नाही." त्यांनी चष्मा काढला, पुसला. "श्वास होता की नव्हता हे मला सांगता येणार नाही. तुलाही येणार नाही. पण बाप्तिस्मा आपण देतो असं आपण नुसतं म्हणतो. देणारा दुसरा आहे. तू स्टोव्हपाशी होतीस तेव्हाही तो त्या लेकरापाशीच होता." आणि त्यांनी नावाच्या रकान्यात लिहिलं, बाबू. देणाऱ्याच्या रकान्यात माझं नाव. मी त्या वेळी समाधान झाल्यासारखी मान हलवली. समाधान झालं नव्हतं. त्यांचं ते बोलणं मला पुरेसं वाटायला लागलं ते फार वर्षांनी, आणि तेही सगळे दिवस नाही. मात्र त्यानंतर आमच्या मंडळीत कोणाच्याही लेकराचा बाप्तिस्मा असला, की पाळकसाहेब पाणी कोमट करून आणायला सांगायचे. नवीन लोकांना ते त्यांचं खूळ वाटायचं.

ईस्टर आला. आई जाणार नाही असं मला वाटलं होतं, पण तिनं पहाटे उठून डोक्यावरून पाणी घेतलं आणि पांढरं लुगडं नेसली. चर्च मोगऱ्यानं सजवलं होतं. त्या वर्षी ईस्टरला एकच बाप्तिस्मा ठरला होता, तो आमचा. त्यामुळे पाण्याचं पात्र झाकलेलंच होतं. उपासना सुरू झाली आणि मागं काही आवाज झाला म्हणून मी वळून पाहिलं. मोठेबाबा आत आले होते. शेवटच्या बाकाच्या टोकाला, गुडघ्यांवर हात ठेवून बसले होते. सगळे उठले की उठायचे, सगळे बसले की बसायचे. पाळकसाहेबांनी ईस्टरच्या रिवाजाप्रमाणे सगळ्यांना आपापल्या बाप्तिस्म्याची वचनं पुन्हा म्हणायला सांगितली. सगळ्या चर्चनं उत्तर दिलं. माझ्या शेजारी बाबांचे ओठ हलले नाहीत.

बाहेर आल्यावर बाबा म्हणाले, "दादा, तुले कोणी सांगितलं नाही का? आज आता काही..."

"माहीत आहे," मोठेबाबा म्हणाले. "येतो म्हणून शब्द देल्ला होता."

ते आमच्याबरोबर बसनं जवाहरनगरला आले. ओट्यावर पाय धुतले, आत येऊन भिंतीशी बसले. अठरा वर्षांत पहिल्यांदा. आईनं सणाचं काही केलं नव्हतं. भात, वांग्याची भाजी, वरण. तिनं दोन ताटं करून माझ्या हाती दिली आणि स्वयंपाकघराच्या दाराआड उभी राहिली. आमच्याकडे नवऱ्याच्या थोरल्या भावाशी बाई थेट बोलत नाही. त्याच्यासमोर येतही नाही. मध्ये कोणी पोर असेल तर त्याच्यामार्फत बोलायचं.

मोठेबाबांनी ताटाला हात लावला नाही. ते माझ्याकडे पाहून म्हणाले, "रुती, तुया मायले सांग."

"काय सांगू, मोठेबाबा?"

"सांग का, माह्यापायी लेकराचा बाप्तिस्मा वेळेवर झाला नाही. भाऊ दरसाल बोलवे अन् मी दरसाल उठून जावो. आधी आलो असतो तं भाऊ थांबला नसता. तिनं मले काई बी बोललं तरी चालते."

चार हातांवर उभ्या असलेल्या आईला हे सगळं ऐकू गेलं होतं. तरी मी दाराकडे वळले. आई दाराच्या चौकटीला धरून उभी होती. ती मला म्हणाली, "त्यांना विचार, आता काय उपयोग?"

मला ते वाक्य उचलून पलीकडं नेता येईना. मी दोघांच्या मध्ये तशीच उभी राहिले. बाबांचा हात भातात होता, तो तिथंच थांबला.

"बरोबर आहे," मोठेबाबा म्हणाले. "काई उपयोग नाही."

शेजारी लक्ष्मीआक्कांच्या घरी रेडिओ लागला होता. मग आई भाताचं पातेलं घेऊन बाहेर आली. पदर डोक्यावर ओढलेला होता. माझ्या बाजूनं पुढं गेली आणि मोठेबाबांच्या ताटासमोर खाली बसली.

"दादा, जेवा," ती म्हणाली. "भात गार होऊन राहिला."

बाबांनी मान वर केली. मोठेबाबांनी खाली मान घालून वरण कालवलं आणि पहिला घास घेतला, दुसरा घेतला. आईनं आणखी भात वाढला. ते नको म्हणाले नाहीत. तिसऱ्यांदा वाढायला तिनं उलथणं पातेल्यात घातलं आणि तिला ते वर काढता आलं नाही. ती तिथंच, ज्यांच्यासमोर तिनं तोंडही दाखवायचं नसतं त्या माणसासमोर, मोठमोठ्यानं रडायला लागली. बाबू गेल्यापासून मी तिला रडताना पाहिलं नव्हतं. मोठेबाबा उठले नाहीत, त्यांनी तिला गप्पही केलं नाही. तिचं रडणं संपेपर्यंत ते भातानं माखलेला हात ताटावर धरून तसेच बसून राहिले.